माळाची तीन हजार वर्षं

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. पुरातत्त्वज्ञ सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या त्या कामातून इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. सुरुवातीला तिथे चौकोनी घरं होती, गहू-जव पिकत होते, पुराचं पाणी वळवायला बांध आणि पाटही होता. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास घरं लहान, गोल झाली; शेती आटली, गुरं आणि शिकार यांवरचा भर वाढला. हवामान कोरडं झालं, असं ढवळीकरांचं म्हणणं. मला मात्र तिथल्या मातीत सापडलेल्या बोराच्या बिया आणि काळविटाची हाडं जास्त बोलकी वाटतात. काळवीट दाट झाडीत राहत नाही. त्याला मोकळं गवत लागतं.

शिरूर-दौंडकडे बघून ‘इथलं जंगल तोडून टाकलं’ असं सहज म्हटलं जातं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग, पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर. इथलं मूळ रान म्हणजे गवत आणि मधूनमधून हिवर, बाभूळ, खैर, बोर, पळस. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये याचा पुरावा चक्क जुन्या मराठी वाङ्मयात आणि लोककथांत शोधला. त्यात आलेल्या ४४ रानवनस्पतींपैकी जवळपास दोन-तृतीयांश उघड्या माळावरच्या निघाल्या. साडेसातशे वर्षांपूर्वीही पश्चिम महाराष्ट्राच्या या कोरड्या पट्ट्यात माळच होता. माझ्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतलं हे फार मोलाचं काम आहे, कारण माळाला त्याचं वय परत मिळालं.

मराठेशाहीला या गवताची किंमत ठाऊक होती. भीमेच्या काठची काटक भीमथडी तट्टं याच मुलखातली. दौंडचा भागही जुन्या भीमथडी तालुक्यातलाच. घोड्यांसाठी कुरणं राखली जात. इंग्रजी महसुलाच्या हिशेबात मात्र सारा न देणारी जमीन ‘पडीक’ ठरली, आणि तो शिक्का स्वातंत्र्यानंतरही पुसला गेला नाही.

पुढचे बदल पाण्याने आणले. मुठेचा उजवा कालवा पाटसपर्यंत गेला, घोड धरण झालं, भीमेवर उपसा वाढला, उसाने नदीकाठ धरला आणि मग तो माळाकडे सरकला. दुष्काळाने पोळलेल्या शेतकऱ्याने पाणी मिळाल्यावर ऊस लावला, यात त्याला दोष देण्याजोगं काही नाही. उरलेल्या वनजमिनींवर झालेल्या लागवडीबद्दल तसं म्हणता येत नाही. सारखे चर खणायचे, ओळीने गिरिपुष्प लावायचं आणि त्याला हिरवाई म्हणायचं. पवन्या, मारवेल, कुसळी ही उन्हाची गवतं. सावली पडली की ती मागे हटतात. चर खणताना शेकडो वर्षांची मुळं उखडली जातात. आणि गवत गेलं की धनगराच्या मेंढ्यांची चराईही जाते.

उसात बिबट्याला आसरा मिळाला. शिरूरच्या उत्तर भागातले लोक त्याच्या भीतीत दिवस काढतात. मोकळ्या माळाच्या प्राण्यांची गत उलटी झाली. माळढोक या भागातून नाहीसाच झाला. चिंकाऱ्यासाठी शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याला १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झालं, ते अवघं पाचेक चौरस किलोमीटरचं. लांडगा मात्र कुंपणात राहणारा नाही. तो दौंड, इंदापूर, पुरंदरच्या माळांवरून फिरतो, मेंढ्यांच्या वाड्यांमागे जातो, ओढ्याकाठी पिल्लं घालतो. माळाचे तुकडे झाले तशी त्याची गाठ उकिरड्यावर पोसलेल्या भटक्या कुत्र्यांशी जास्त पडू लागली. पुण्याच्या माळांवर वेगळ्याच, पिवळसर रंगाचा लांडगा दिसला, तेव्हा अभ्यासकांनी केस गोळा करून जनुकीय तपासणी केली. त्याच्यात कुत्र्याचं रक्त मिसळल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून सिद्ध झालं.