वाटेवरचे दगडी क्रूस

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात केळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद वाटांवर, तिठ्यावर किंवा विहिरीजवळ, चौथऱ्यावर उभा असलेला क्रूस हमखास दृष्टीस पडतो. उत्तन, गोराई आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांतही हेच दृश्य आढळते. चर्च दूर असेल तेथे हा क्रूस म्हणजेच त्या आळीचे प्रार्थनास्थळ होय.

इ. स. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोन शतकांत या प्रदेशात ख्रिस्ती उपासना रुजली. त्या काळच्या शिल्पाचा उत्तम नमुना बांद्र्याच्या सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारात आहे. एकाच दगडातून घडविलेल्या, सुमारे १७ फूट उंचीच्या या क्रुसावर ख्रिस्ताच्या यातनांची चिन्हे कोरलेली आहेत. अशा क्रुसांवर खिळे, हातोडा, शिडी, काटेरी मुकुट ही चिन्हे सहज ओळखू येतात. कोंबडा मात्र अनभिज्ञास कोड्यात टाकतो. पेत्राने आपल्या गुरूस तीनदा नाकारले आणि त्याच क्षणी कोंबडा आरवला, या कथेची ती खूण. अक्षरओळख नसलेल्या भाविकाला हा दगडच ग्रंथासारखा वाचता येत असे.

पुढे काळ्या दगडाचे साधे क्रूस गावोगाव उभे राहिले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि लवकरच आसपासच्या गावांतही पसरला. साथ टळावी म्हणून, किंवा टळली म्हणून, लोकांनी त्या काळात अनेक क्रूस उभारले. कित्येकांच्या चौथऱ्यावर ते साल कोरलेले आहे.

मे महिन्यात सायंकाळी येथे जपमाळ व लादीन म्हटली जाते. धर्मगुरूंची उपस्थिती आवश्यक नसते. वडीलधारी व्यक्ती पुढाकार घेते आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. वसईच्या गावांतून ही प्रार्थना मराठीतच होते, हे मुद्दाम सांगावयास हवे.

रस्तारुंदीकरणात आज हेच क्रूस आड येतात. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक जागांवरील नव्या अनधिकृत धार्मिक बांधकामांस मनाई केली, तर पूर्वीच्या बांधकामांचा प्रकरणपरत्वे विचार करण्याचे काम राज्यांवर सोपविले. अशा वेळी कोरलेले साल हा मोलाचा पुरावा ठरतो. दुर्दैवाने भक्तिभावानेच दिलेल्या तैलरंगाखाली अथवा बसविलेल्या फरश्यांखाली तो लेख बुजतो, आणि शतकाहून जुना क्रूस कालचा भासू लागतो. मोजणीपूर्वी ग्रामपंचायतीने छायाचित्र व लेखाची नक्कल दप्तरी ठेवल्यास पुढील वाद पुष्कळसे टळतील. नक्कल घेताना दगड तारेच्या ब्रशाने घासू नये; सकाळच्या वा सायंकाळच्या तिरप्या उन्हात पुसट अक्षरेही बऱ्याचदा वाचता येतात.