समुद्रतळाचे दोन वाटे

किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाचा आर्थिक हक्क चालतो. खंडमंच लांबवर पसरला असेल, तर तळावरचा हक्क आणखी पुढे जातो. त्यापलीकडचा तळ सगळ्या मानवजातीचा सामायिक वारसा मानावा, अशी मांडणी माल्टाचे राजदूत अर्विद पार्दो यांनी 1967 साली संयुक्त राष्ट्रांत केली. 1982 च्या सागरी कायदा करारात ती उतरली. करार 1994 मध्ये लागू झाला आणि जमैकातल्या किंग्स्टनला आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण उभे राहिले.

चार ते सहा किलोमीटर खोलीवर मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असलेले काळे गोळे विखुरलेले असतात. दहा लाख वर्षांत ते जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. ते शोधायचे तर कंपनीच्या मागे करारातला एखादा देश जबाबदारी घेऊन उभा असावा लागतो. पुढची अट मला सगळ्यात न्याय्य वाटते. अर्जदाराने दोन खाणी चालतील एवढे क्षेत्र पाहणीच्या नोंदींसह दाखवायचे, आणि त्याचे सारख्या मोलाचे दोन भाग पाडायचे. त्यातला एक प्राधिकरण विकसनशील देशांसाठी राखून ठेवते. शेताच्या वाटणीत एका भावाने वाटे पाडावेत आणि दुसऱ्याने आधी उचलावा, तसेच हे. म्हणून कोणी निकस भाग पुढे सरकवत नाही.

भारतही याच वाटेने गेला. 26 जानेवारी 1981 रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने अरबी समुद्रातून पहिला गोळा वर काढला. 1987 साली मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळाले. नियमाप्रमाणे पुढे निम्मे परत करून 75 हजार ठेवले.

राखीव भागाचे पुढे काय झाले, ते मात्र मनाला लागते. हवाई आणि मेक्सिकोदरम्यानच्या पट्ट्यातला असा एक भाग नाउरू या 21 चौरस किलोमीटरच्या बेटाच्या नावावर एका कॅनेडियन कंपनीच्या उपकंपनीकडे आहे. कागदोपत्री लाभ विकसनशील देशाचा, पण भांडवल आणि यंत्रे बाहेरची.

2021 मध्ये नाउरूने करारातले एक कलम वापरले: दोन वर्षांत खाणकामाचे नियम ठरवा, नाहीतर आहे त्या स्थितीत अर्ज विचारात घ्या. मुदत 2023 मध्ये उलटली, नियम झाले नाहीत. मग एप्रिल 2025 मध्ये, करारात कधीच सामील न झालेल्या अमेरिकेने आपल्या 1980 च्या कायद्याखाली परवाने देण्याचा आदेश काढला, आणि काही दिवसांतच त्याच कंपनीने तिथे अर्ज केला. किंग्स्टनची, म्हणजेच राखीव वाटा ज्यांच्यासाठी ठेवला त्या देशांची, संमती त्या कायद्याला लागत नाही.