डेंग्यूतून बरे झालात? प्लाझ्मा लगेच देता येत नाही

कोरोनाच्या काळात बरे झालेल्यांना प्लाझ्मा देण्यासाठी बोलावलं जायचं. त्यामुळे डेंग्यूतून उठलेल्यांनीही लगेच प्लाझ्मा द्यावा, असं अनेकांना वाटतं. नियम नेमका उलटा आहे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या निकषांनुसार डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झालेल्यांनी पूर्ण बरं झाल्यावर ६ महिने रक्तदान करायचं नाही. झिकासाठी ही मुदत ४ महिने आहे.

मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशींत राहतो. डेंग्यूचा विषाणू मात्र प्लाझ्मातही फिरतो आणि प्लाझ्मा गोठवला म्हणून तो मरत नाही. कारखान्यात प्लाझ्मापासून औषधं बनवताना विषाणू निष्क्रिय केले जातात. रुग्णाला थेट चढवायच्या पिशवीवर सहसा ही प्रक्रिया होत नाही.

खरी अडचण आहे ती ताप न आलेल्यांची. डेंग्यूची लागण झालेल्या अनेकांना लक्षणंच नसतात आणि ज्यांना ताप येतो, त्यांच्याही रक्तात विषाणू एक-दोन दिवस आधीच पोहोचलेला असतो. भारतात दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी सक्तीची आहे. डेंग्यूची नाही! म्हणजे सगळी भिस्त दात्याच्या फॉर्मवर. नुकत्याच येऊन गेलेल्या तापाबद्दल तिथे खरं लिहा. रक्त दिल्यानंतर काही दिवसांत ताप आला, तर रक्तपेढीला लगेच फोन करा. पिशवी वापरली गेली नसेल तर बाजूला काढता येते.