श्राव्यातीत ध्वनिचिकित्सा : युग्मक माध्यमे

श्राव्यातीत ध्वनिचिकित्सेत उपकरणाचे शीर्ष व रुग्णाची त्वचा यांमधील हवा दूर करून ध्वनिऊर्जा ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांत) पोहोचविणाऱ्या पदार्थास युग्मक माध्यम म्हणतात. भौतिकी चिकित्सेत सामान्यतः १ ते ३ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे तरंग वापरतात. हवा व मऊ ऊतके यांच्या ध्वनिसंरोधांत फार मोठी तफावत असल्याने हे तरंग त्यांच्या सीमेवरून जवळजवळ संपूर्णपणे परावर्तित होतात. उलट पाणी व मऊ ऊतके यांच्या सीमेवर एक टक्काही परावर्तन होत नाही. म्हणून माध्यम स्वतः औषध नसले, तरी ते सदोष असल्यास उपचार नावापुरताच होतो. विशेष म्हणजे ही उणीव रुग्णास किंवा चिकित्सकास सहसा जाणवत नाही, कारण उपकरणावरील आकडा केवळ दिलेली ऊर्जा दर्शवितो, शरीरात शिरलेली नव्हे.

पाण्यात कार्बोमरासारखे बहुवारिक मिसळून केलेले जेल सर्वाधिक प्रचारात आहे. ते ओघळत नाही, शीर्ष त्यावर सहज सरकते व ते धुऊन काढता येते. अमरावतीच्या राजापेठेत काय किंवा अकोल्यात काय, वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पातळ थर लवकर सुकतो. तेव्हा उपचार चालू असतानाच जेल पुन्हा लावणे इष्ट. द्रव पॅराफिनासारखी खनिज तेलेही ऊर्जा चांगली वाहतात, मात्र त्यांनी कपडे खराब होतात. कॅमेरॉन व मन्रो यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत पाण्याच्या तुलनेने जेल व खनिज तेल यांतून ९५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा पार गेली, तर पांढऱ्या पेट्रोलॅटमातून ती जवळजवळ मुळीच गेली नाही. हायड्रोकॉर्टिसोन असलेल्या दाट, पांढऱ्या मलमांतूनही ती जवळजवळ मुळीच गेली नाही. औषध त्वचेतून आत शिरावे म्हणून असे मलम लावले, तर ध्वनी व त्याच्या साहाय्याने आत जाणारे औषध या दोहोंसही रुग्ण मुकतो. बोटांना गुळगुळीत लागणारा पदार्थ ध्वनिवाहक असेलच असे नाही.

हाताची बोटे, घोटा यांसारख्या उंचसखल भागांवर शीर्ष सपाट टेकत नाही. तेथे अवयव पाण्यात बुडवून शीर्ष त्वचेपासून सु. १ सेंमी. अंतरावर फिरवितात. पाणी उकळून निवविलेले असावे. नळाच्या ताज्या पाण्यातील वायूचे बुडबुडे त्वचेवर व शीर्षावर जमतात आणि ते वरचेवर पुसावे लागतात. धातूच्या भांड्याच्या भिंतींवरून परावर्तन होते, म्हणून प्लॅस्टिकची कुंडी बरी. पाणी उत्तम वाहक असले, तरी या पद्धतीत ऊतके कमी तापतात. ड्रेपर व त्यांचे सहकारी यांच्या १९९३ मधील प्रयोगात पोटरीच्या स्नायूचे तापमान ३ सेंमी. खोलीवर जेल वापरल्यास ४·८° से., तर पाण्यात केवळ २·१° से. वाढले. मध्ये राहणारे अंतर आणि पाण्यामुळे थंड होणारी त्वचा ही याची संभाव्य कारणे होत. तथापि केवळ यामुळे तीव्रता मनमानी वाढविणे योग्य नाही. त्वचेची संवेदना मंद असलेल्या रुग्णास भाजल्याची जाणीवही होत नाही.

उघड्या जखमेवर निर्जंतुक जेलच वापरावे. दूषित जेलमुळे रुग्णालयांत जंतुसंसर्ग पसरल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून अर्धवट रिकाम्या बाटलीत नवे जेल ओतण्याची काटकसर टाळावी.