गव्हाची सुडी आणि तिची निळी सावली

आज एका चित्राबद्दल बोलू या. चित्र फ्रान्समधलं, क्लोद मोने या चित्रकाराचं. नाव ‘गंज्या, उन्हाळ्याची अखेर’, साल १८९१. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात ते आहे.

चित्रात कापणी झालेलं रान आहे. दोन शंकूसारख्या राशी, मागे झाडं आणि टेकड्या. माणूस एकही नाही. बरेच लोक या राशींना वाळल्या गवताची गंजी समजतात. पण ती गव्हाची सुडी आहे, पेंढ्यांना अजून ओंब्या आहेत. तिकडे गहू उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास कापतात. त्या काळी मळणीयंत्र गावोगाव फिरायचं. आपली पाळी येईपर्यंत सुडी कधीकधी महिनोन्महिने उभी असायची. पाणी आत शिरू नये म्हणून तिला वरून पेंढ्याचं छप्पर. पाणी शिरलं की दाणा गेला, हे तुम्हाला मी काय सांगू!

मोने गिव्हर्नी गावात राहायचा. घराजवळच्या शेतात जाऊन त्यानं अशा सुड्यांची पंचवीसेक चित्रं काढली. ऊन सरकलं की हातातलं चित्र बाजूला ठेवून दुसरं घ्यायचं. त्याची सावत्र मुलगी ब्लांश घरून कॅनव्हास आणून द्यायची. त्या त्या घडीला डोळ्यांना जे दिसलं, तेच रंगवायचं. या पद्धतीला इम्प्रेशनिझम म्हणतात. आणि तैलरंग म्हणजे काय? रंगाची पूड तेलात खलायची. हे तेल बहुधा जवसाचं, कारण ते हवेत हळूहळू वाळून घट्ट होतं.

आता सावली बघा. आपण सावली काळी म्हणतो. मोनेनं ती निळसर, जांभळट रंगवली. त्यानं मनानं केलं नाही. सावलीत ऊन पोचत नाही, पण निळ्या आभाळाचा उजेड पोचतो. म्हणून तिच्यात निळी झाक येते. उद्या आपल्या खळ्यावर सकाळी, दुपारी आणि दिवस मावळताना सावली बघा. गटाच्या बैठकीत सांगा, कोणाला कोणता रंग दिसला.

जाता जाता एक गोष्ट. याच मालिकेत बर्फातल्या सुड्यांचीही चित्रं आहेत. सुडी थंडीपर्यंत टिकली, म्हणून ती काढता आली. चित्रावर सही मोनेची आहे. रचणारे हात चित्रात नाहीत, पण त्यांची रचण पक्की होती. चित्र बघताना ते हातही आठवा.