डाव्या खुर्चीतला पाहुणा

आमच्या कळंबातून कोणी बाहेरगावी कामाला गेले, तर त्याचे कुणाला नवल वाटत नाही. पण मी आग्नेय आशियातल्या एका विमान कंपनीत कराराने कप्तान म्हणून जाणार हे कळल्यावर शेजारच्या तात्यांनी माझी रीतसर उलटतपासणी घेतली. नेमणूक कोण करतं? तर मधली एक एजन्सी. किती दिवसांची? तीन वर्षांची. मधेच सोडली तर? प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यायचा. आणि पेन्शन? नाही. तात्या म्हणाले, "मंग तू बी टोळीवरच निघाला की रं!"

तात्यांच्या डोळ्यांपुढे भवानीनगरच्या कारखान्याला दर हंगामात येणारी ऊसतोड माणसे होती, त्यांचा मुकादम आणि त्यांची उचल. ही तुलना फार ताणू नये हे मलाही कळते. कोपीत तान्हे मूल निजवून पहाटे कोयता उचलणाऱ्या बाईपुढे हॉटेलात उतरणाऱ्या कप्तानाने गळा काढण्यात अर्थ नाही. पण करारातली मेख तात्यांनी बरोबर हेरली होती. काम तुमचे, जबाबदारी तुमची, घर मात्र दुसऱ्याचे.

कंपन्या परके कप्तान का आणतात? साधा हिशेब आहे. आपल्याकडे २०० तासांच्या उड्डाणानंतर व्यावसायिक परवाना मिळू शकतो. बारामतीच्या धावपट्टीवरून घिरट्या घालणारी छोटी विमाने तेच तास भरत असतात. माझेही तिथेच भरले. कप्तानाच्या परवान्याला मात्र १५०० तास लागतात, आणि पुढे मोठ्या विमानाची डावी खुर्ची मिळायला आणखी काही वर्षे. विमाने पैसे मोजून आणता येतात, तो अनुभव तसा आणता येत नाही. म्हणून तो भाड्याने घ्यायचा. २००५ नंतर आपल्याकडे नव्या कंपन्या निघाल्या, तेव्हा आपणही परदेशी कप्तान असेच आणले होते.

या धंद्याच्या जुन्या इतिहासातला एक धागा आमच्या गावापर्यंत येतो. शेठ वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला आणि शेजारी त्यांच्या नावाचे वालचंदनगर वसले. याच वालचंदांची १९३९ मध्ये विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली आणि त्या ओळखीतून १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. पॉलीचा चीनमध्येही विमानांचा कारखाना होता. १९४१ मध्ये त्याच्याच कंपनीच्या करारावर अमेरिकन वैमानिक चीनसाठी लढायला गेले: साध्या वैमानिकाला महिना ६०० डॉलर आणि पाडलेल्या प्रत्येक जपानी विमानामागे वर ५००. १९४२ च्या जुलैत ते पथक मोडले, तेव्हा त्यातले काही जण चायना नॅशनल एव्हिएशन कॉर्पोरेशन या विमान कंपनीत शिरले आणि आसामातून डोंगर ओलांडून कुनमिंगला माल वाहू लागले. आमचा कुळवृत्तान्त हा असा आहे!

असो. कॉकपिटमध्ये माझ्या उजवीकडे बसायची ती तिथलीच पंचविशीतली मुले. हुशार, कष्टाळू आणि कमालीची अदबशीर. मला या अदबीचीच धास्ती वाटे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरला धावपट्टी सोडून दरीत गेले आणि १५८ माणसे गेली. कप्तान परदेशी, कराराचा; सहवैमानिक आपला. विमान नको तितके उंचावरून उतरत असताना सहवैमानिकाने तीनदा पुन्हा वर जायला सांगितले होते आणि कप्तानाने ऐकले नाही, असे चौकशीत निघाले. ऐकणे हे कप्तानाचे काम. पण वयाने मोठ्या, परक्या माणसाला तिसऱ्या भाषेत 'नको' म्हणणे किती जड जाते, ते मी रोज उजव्या खुर्चीकडे पाहून समजत होतो.

म्हणून नवा सहवैमानिक आला की मी आधी एवढेच सांगे, "मला न पटेल असंही बोल. दोनदा बोलूनही मी उत्तर दिलं नाही, तर विमान तुझ्या हातात घे." हा नियमच आहे, पुस्तकात छापलेला. तरी पोरे हसून मान हलवीत, आणि त्या मान हलवण्याचा अर्थ लागत नसे.

एका पावसाळी रात्री उतरताना आठशे फुटांच्या आसपास वारा एकाएकी पाठीमागून आला. माझा हात हलायच्या आत उजवीकडून बारीक पण स्पष्ट आवाज आला, "गो अराउंड." आम्ही वर गेलो, एक फेरी घेतली आणि दुसऱ्या खेपेला नीट उतरलो. पोरगा इतका ताठ बसला होता की जणू शिक्षा ऐकायची आहे. अहवालात मी त्याचे नाव घालून निर्णय त्याचा होता असे लिहिले. दुसऱ्या दिवशी त्याचे दोन मित्र, मला कधीही न भेटलेले, येऊन हात मिळवून गेले. तीन वर्षांत मला त्या घरातला माणूस समजल्याची ही एकच खूण मिळाली, आणि ती पगारपत्रकात नव्हती.

मार्च २०२० मध्ये साथ पसरली आणि पत्र आले. कराराच्या परदेशी वैमानिकांना बिनपगारी रजा; स्थानिकांना कमी पगारावर का होईना, ठेवले. माझ्या मते कंपनीने आधी आपली माणसे सांभाळली यात अन्याय नव्हता. मात्र पत्रात माझे आडनाव चुकीचे लिहिलेले होते, ते लागले. चार महिन्यांनी करारही संपवला. तोवर मी कळंबात नीरेच्या कालव्यावर पाण्याची पाळी धरत होतो, आणि आई म्हणत होती की इतकी वर्षे दिवाळीला आला नाहीस, आता जूनमध्येच करून टाकू.

पुढे मला आपल्याकडेच काम मिळाले. त्या रात्रीचा मुलगा गेल्या वर्षी कप्तान झाला. निरोपासोबत त्याने डाव्या खुर्चीतला फोटो पाठवला होता. त्याच्या तळावर आता परदेशी कप्तान अवघे दोनच उरलेत, असे त्याने लिहिले होते.