नऊ फुटी विमानाला इंजिन किती सीसीचं?

एनसीसीच्या एअर विंगमध्ये मुलांना एरोमॉडेलिंग शिकवतात. बाल्साच्या हलक्या लाकडाचं ग्लायडर, मग बॅटरीवरचं छोटं विमान, आणि दहावी-बारावीच्या गडबडीत बहुतेकांचा हा छंद तिथेच सुटतो. काहींचा सुटत नाही. आमचा भाचा त्यांतला एक. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, नोकरी लागली, आणि दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी पडवीत बसून त्याने पायपर कब या विमानाचं पाव मापाचं मॉडेल बांधलं. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०६ इंच, म्हणजे जवळजवळ नऊ फूट. पंख सुटे होतात म्हणून बरं, नाहीतर ते दारातून बाहेरच निघालं नसतं.

राहिलं होतं इंजिन. त्याची किंमत भाच्याच्या एका पगारात बसत नव्हती. कुवेतला असलेले त्याचे अब्बा निम्मे पैसे द्यायला तयार झाले. आपांनी मात्र अट घातली, ‘मुलाची बोटं शाबूत राहतील असंच इंजिन घ्या.’ पैसा आणि बोटं दोन्ही पणाला लागल्यावर मामूंना बोलावणं आलं. पुढचे दोन महिने आम्ही घरात याच एका विषयावर बोलत होतो. ज्या घरात असा एखादा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून जे कळलं ते इथे मांडतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. या इंजिनांच्या खोक्यावर ‘गॅस इंजिन’ असं लिहिलेलं असतं. आपांना वाटलं सिलिंडर जोडायचा! अमेरिकेत पेट्रोलला गॅसोलीन म्हणतात आणि त्याचंच हे छोटं रूप. इंजिन आपल्या पंपावरच्या पेट्रोलवर चालतं. लहान मॉडेल विमानांत वर्षानुवर्षं ‘ग्लो’ इंजिनं वापरली गेली. त्यांचं इंधन मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण असतं. ते महाग, आपल्याकडे मिळायला अवघड, आणि मिथेनॉल तर उघड विष. शिवाय ही इंजिनं इंधन भराभर पितात. विमान मोठं झालं की हा खर्च सोसत नाही. बॅटरी-मोटरचा पर्याय आहे, आणि लहान विमानांसाठी तोच चांगला. पण सात-आठ किलोच्या विमानाला मोठ्या बॅटऱ्यांचे दोन-तीन जोड लागतात, त्यांची किंमत इंजिनाच्या वर जाते आणि काही वर्षांत त्या बदलाव्या लागतात. पेट्रोलवर अर्ध्या लिटरच्या टाकीत पंधरा-वीस मिनिटं आरामात उडता येतं. एकेरी पंखांचं विमान ८० इंच किंवा अधिक, आणि दुहेरी पंखांचं ६० इंच किंवा अधिक असेल, तर जगभरच्या हौशी मंडळींत ते ‘जायंट स्केल’ समजलं जातं. पेट्रोल इंजिनाचं राज्य साधारण तिथून सुरू होतं.

आता सीसीचा प्रश्न. ज्या पिढीने लुना चालवली तिला सांगायला हवं की लुनाचं इंजिन ५० सीसीचं होतं. मॉडेल विमानांच्या बाजारात ५५ सीसीचं इंजिन अगदी सर्रास मिळतं. म्हणजे दोन माणसं वाहणाऱ्या वाहनापेक्षा मोठं इंजिन, आणि ते आपल्या मुलाच्या हातापासून वीतभर अंतरावर फिरणार. विक्रेत्याने भाच्याला हेच सुचवलं होतं. ‘थोडे जास्त पैसे टाक, ५५ घे, पुढे मोठ्या विमानालाही चालेल.’ पोराला ते पटलंही. लग्नाच्या कपड्यांपासून घराच्या खोल्यांपर्यंत आपण सगळेच ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून मोठं घेतो, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

पण विमानाचा हिशेब उलट्या बाजूने करावा लागतो. आधी विमान, मग प्रोपेलर, मग इंजिन. खरं पायपर जे-३ कब पाहा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ते निघालं, १९४७ पर्यंत सुमारे २० हजार तयार झाली. पिवळा रंग, बाजूला काळी वीज. दोन माणसांसह त्याचं भरलेलं वजन साडेपाचशे किलोच्या आसपास आणि इंजिन बहुतेकदा फक्त ६५ अश्वशक्तीचं. सावकाश, पतंगासारखं तरंगत जाणारं हे विमान. त्याचा प्रोपेलर साधारण सहा फुटांचा होता. पाव मापात सहा फुटांचे होतात १८ इंच. आणि १८ इंची प्रोपेलर नीट फिरवणारं पेट्रोल इंजिन असतं ३० सीसीच्या आसपासचं. इथे निम्मं उत्तर मिळालं. ५५ सीसीला २२-२३ इंचांचा प्रोपेलर लागतो. धावताना कबची शेपूट वर उठते, नाक खाली येतं, आणि एवढा मोठा प्रोपेलर जमिनीला लागण्याची भीती राहते.

उरलेलं निम्मं उत्तर ओढीत आहे. विमानाला आकाशात सरळ उभं चढवायचं, हवेत टांगून ठेवायचं, तर प्रोपेलरची ओढ विमानाच्या वजनापेक्षा जास्त हवी. कसरतींच्या विमानांत ती ठेवतातच. म्हणून ८५-९० इंची कसरतीच्या विमानाला ५० ते ५५ सीसी आणि १०० इंचांच्या पुढच्याला १०० सीसी लावतात. कबला वजनाच्या निम्मी ओढसुद्धा पुरते. त्याचे पंख लांब आणि जाड आहेत, वजन तेच पेलतात. ज्यादा ताकद दिली तर पोरगा ती वापरणार, आणि दोन वर्षं खपून जोडलेल्या पंखांच्या आधारकाठ्यांवर तो ताण येणार. एकच सिलिंडर असलेलं मोठं इंजिन हादरेही तसेच देतं. त्या हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात, सर्व्हो मोटरींच्या तारा तुटतात. मोठं इंजिन अर्धा किलो जडही असतं.

वजनाच्या बाबतीत मात्र कब एक गंमत करतं. त्याचं नाक आखूड असतं. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर यावा लागतो. तो आणायला पुष्कळांना नाकात शिसं भरावं लागतं. म्हणजे इथे हलकं, महागडं इंजिन घेऊन मग वर शिसं विकत घ्यायचं! जुन्या जपानी झेनोआ जी-३८ सारख्या इंजिनांत मॅग्नेटो असतो. त्याच्या जड चाकामुळे कसरतीचे वैमानिक नाक मुरडतात, पण कबच्या नाकात तेच वजन कामाला येतं. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, बिघडायला फारसं काही नसतं. दोष एवढाच की चालू करताना हाताचा झटका जोराचा लागतो. हल्लीच्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन असतं. ते सुरुवातीला ठिणगी उशिरा पाडतं, म्हणून हलक्या हाताने चालू होतं आणि उलटा झटका कमी बसतो. आपांच्या अटीत हेच बसत होतं. शिवाय या इग्निशनची वीज रेडिओवरून तोडता येते, त्याकडे पुढे येऊ. तोल सांभाळायला आम्ही इग्निशनची बॅटरी पार पुढे, इंजिनाच्या मागच्या भिंतीला लावायचं ठरवलं. रेडिओचा रिसीव्हर तिच्यापासून फूटभर तरी लांब ठेवावा, नाहीतर ठिणगीचा त्रास रेडिओला होऊ शकतो.

कंपन्यांची नावं पुष्कळ आहेत. अमेरिकेतलं डेझर्ट एअरक्राफ्ट आणि जर्मनीचं थ्री-डब्ल्यू ही नामांकित, किमतीही तशाच. जपानच्या ओएस आणि सायतोची कारागिरी नजरेत भरणारी. सायतो पेट्रोलवरची फोर-स्ट्रोक इंजिनंही करते, त्यांचा आवाज खऱ्या विमानासारखा घुमतो. चीनची डीएलई सर्वांत जास्त दिसते, कारण ती परवडते. खोक्यावरच्या अश्वशक्तीच्या आकड्यावर आमचा तरी विश्वास नाही. तो कुठल्या प्रोपेलरवर, किती फेऱ्यांना मोजला, हे विचारलं की विक्रेते गप्प होतात. त्याऐवजी अमुक प्रोपेलर मिनिटाला किती फेरे फिरतो ते विचारावं, आणि सुटे भाग कुठे मिळतील ते विचारावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर स्वस्त इंजिनही महाग पडतं.

सुट्या भागांचा विषय निघाला तर आपल्या कोकणाला एक सोय आहे. आंब्याच्या बागेत गवत कापायचा ग्रासकटर सगळ्यांनी पाहिलाय. मॉडेलची पेट्रोल इंजिनं त्याच घराण्यातली. पहिली मोठी इंजिनं गवत आणि लाकूड कापायच्या यंत्रांवरूनच घेतली गेली, आणि आजही पुष्कळांचा कार्बोरेटर तोच, वॉलब्रो पद्धतीचा, आत पातळ पडदा असलेला. इंजिनाच्या श्वासाबरोबर तो पडदा हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. विमान उलटं झालं तरी पुरवठा तुटत नाही. पडदा कडक झाला की इंजिन रुसतं. ग्रासकटर दुरुस्त करणाऱ्या आमच्या गावच्या मिस्त्रींनी कार्बोरेटर हातात घेतला आणि म्हणाले, ‘गुरुजी, हे तर आपलंच आहे.’ भाच्याचा अर्धा घोर तिथेच गेला.

पेट्रोलात तेल मिसळावं लागतं, हे जुन्या चेतकवाल्यांना सांगायला नको. पुस्तिकेत ३०:१ लिहिलं असेल तर लिटरला सुमारे ३३ मिलिलिटर, ४०:१ असेल तर २५. अंदाजपंचे नको, मोजपात्र घ्यावं. तेल टू-स्ट्रोकचंच, पण होड्यांच्या इंजिनाचं नव्हे. बंदराजवळच्या दुकानांत ते सहज मिळतं, स्वस्तही वाटतं. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं आणि आपलं इंजिन हवेने थंड होतं. बाटलीवर ‘जासो एफडी’ अशी खूण पाहून घ्यावं. आणखी एक, आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल धरतं आणि रबराला त्रास देतं. पावसाळ्यात चार महिने विमान माळ्यावर पडतं, तेव्हा टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवावं. ग्लो इंजिनाची सिलिकॉनची नळी पेट्रोलात फुगून सडते. नळी टायगॉनची घ्यावी आणि टाकीचं बूचही पेट्रोलला टिकणारं हवं.

कुवेतहून अब्बांनी इंजिन आणावं, असंही निघालं होतं. नवं, पेट्रोल न लागलेलं, खोक्यातलं असेल तरी आधी विमान कंपनीला विचारावं. एकदा चालवलेल्या इंजिनाला पेट्रोलचा वास राहतो आणि तसलं इंजिन सामानात सहसा घेत नाहीत. जुनं इंजिन घेतलं तर इथेच घ्यावं आणि चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. इग्निशन बंद ठेवून प्रोपेलर हाताने हळू फिरवला की दाब टणक लागला पाहिजे, बेअरिंगची खरखर येता कामा नये.

आपांच्या अटीकडे येतो. १८ इंची प्रोपेलर मिनिटाला ७००० फेरे फिरतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी ६०० किलोमीटरच्या आसपास असतो. हा आकडा भाच्याने स्वतः गणित करून काढला आणि मग तो थोडा गंभीर झाला. चालू करताना शेपूट खुंटीला बांधलेली, विमान धरायला दुसरा माणूस, हातात जाड हातमोजा. प्रोपेलरच्या रेषेत दोन्ही बाजूंना कोणी उभं राहायचं नाही, लहान मुलं तर मागे, लांब. इंजिन बंद असलं तरी प्रोपेलरला चालू समजूनच हात लावायचा. आणि इग्निशन तोडणारा रेडिओचा स्विच हवाच. रेडिओचा संपर्क तुटला तर इंजिन आपोआप बंद व्हावं, अशी सोय त्यातच करून घ्यावी. या स्विचची किंमत इंजिनाच्या मानाने क्षुल्लक आहे आणि पैसे कमी पडले की माणसं नेमका तोच वगळतात.

कायद्याचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ मध्ये मॉडेल विमानाची मर्यादा २५ किलो आहे, ते फक्त छंद, शिक्षण, संशोधन किंवा चाचणीसाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवायचं असतं. कुठे उडवता येतं याचा नकाशा डिजिटल स्काय वर दिसतो. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. जवळपास विमानतळ असलेल्यांनी इंजिन घेण्याआधीच हा नकाशा उघडून पाहावा. मैदानाच्या मालकाला आणि वाडीतल्या लोकांनाही विचारावं; ३० सीसीचा आवाज लांबवर जातो.

शेवटी ३० सीसीचं, इलेक्ट्रॉनिक इग्निशनवालं इंजिन घ्यायचं ठरलं. ५५ च्या मानाने वाचलेल्या पैशांत रेडिओचा स्विच, दोन जादा प्रोपेलर, हातमोजे आणि आगविझवणी आली. पहिले काही लिटर इंजिन मुरण्यात जातात. तोवर तेल थोडं जास्त, जमिनीवर पूर्ण वेगाने फार वेळ चालवायचं नाही, आणि कार्बोरेटरच्या सुया सारख्या फिरवत बसायचं नाही. सध्या विमान पडवीतच खुंटीला बांधलेलं आहे, आणि शेजारच्या चाचांनी दुपारी दोन ते चारमध्ये ते चालू करू नये असं कळवलं आहे.